बिनपाण्याचा नेम

कुंदाचा एक नेम होता. सकाळी अंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला घालायचं, तीन प्रदक्षिणा घालायच्या आणि मगच चहाचं आधण ठेवायचं. पुण्याला सहकारनगरात हा नेम पाळायला काही कष्टच नव्हते. तुळस बाल्कनीत, चहा स्वयंपाकघरात आणि मधे सात पावलं. पण नवऱ्याची, प्रतापची, बदली जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला झाली, आणि तिथे बाल्कनीत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत जे काही राहतं ते बर्फच.

पहिल्या वर्षी तुळस नोव्हेंबरातच गेली. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात. तिसऱ्या वर्षी कुंदाने तिला घरात घेतलं, खिडकीशी ठेवलं, रात्री वर काचेचं मोठं भांडं पालथं घातलं, तेव्हा ती बिचारी संक्रांतीपर्यंत टिकली आणि तिळगूळ वाटून झाल्यावर गेली. मग उन्हाळा येईपर्यंत कुंदा वाळक्या काडीलाच पाणी घालत राहायची.

"अगं, त्या काडीला काय कळतंय?" प्रताप म्हणायचा.

"तिला नसेल कळत. मला कळतं ना," कुंदा म्हणायची. ती कधी आवाज चढवून बोलत नसे, त्यामुळे प्रतापला पुढे वाद घालायला काही धरायलाच सापडत नसे.

चौथ्या वर्षी, म्हणजे २००८च्या ऑक्टोबरात, खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई वर आल्या. फ्राऊ ड्योर्फ्लर, म्हणजे ड्योर्फ्लरबाई. वय शहात्तर, बांधा उंच, चाल मात्र गेल्या दोन वर्षांत लंगडी झालेली. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ऑपरेशननंतर तीन-चार आठवडे व्यायामाचं इस्पितळ आणि तिथून बॉनला लेकीकडे, थेट ईस्टरच्या आधीपर्यंत. एवढं सगळं सांगून त्यांनी कुंदाला हाताला धरून खाली अंगणात नेलं.

अंगणात मातीच्या मोठ्या कुंडीत एक झाड होतं. माणसाच्या खांद्याइतकं उंच, पानं गर्द हिरवी, जाडसर, चकचकीत. कुंदा ते रोज बघत असे. पण आज प्रथमच त्याची ओळख करून दिल्यासारखं झालं.

"हे माझं लोरबेअर," फ्राऊ ड्योर्फ्लर म्हणाल्या.

कुंदाने एक पान चुरगळून हुंगलं. "तमालपत्र!" ती आनंदाने म्हणाली. मग नीट निरखून पाहिलं. तमालपत्राला देठापासून टोकापर्यंत तीन शिरा असतात. याला मधे एकच होती. वासही जरा वेगळा, कापराकडे झुकणारा. गोड्या मसाल्याला नसतं चाललं. म्हणजे तमालपत्राचं दूरच्या नात्यातलं कोणीतरी, असं तिने मनाशी ठरवलं.

"माझी मोनिका चार वर्षांची असताना तिला मेंदूचा ताप आला होता," फ्राऊ ड्योर्फ्लर हळूहळू, कुंदाला कळेल अशा बेताने जर्मन बोलत होत्या. "डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी तेव्हा चर्चमधे बसून म्हटलं, पोर वाचली तर मी जिवंत आहे तोवर दर पाम रविवारी माझ्या लोरबेअरच्या फांद्या आणून देईन. लोकांच्या गुच्छांसाठी. पोर वाचली. छत्तीस वर्षं झाली, एकही रविवार चुकला नाही."

पाम रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, हे कुंदाला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. त्या दिवशी लोक हिरव्या फांद्यांचे गुच्छ घेऊन चर्चला जातात. पण त्यामागे असं काही असेल हे नव्हतं ठाऊक. तिच्या अंगावर काटा आला. नवस! या बाई नवस फेडत होत्या!

"जपेन मी," ती म्हणाली. "पाम रविवारी तुम्हाला तुमच्या फांद्या मिळतील."

"आल्झो, तर मग," फ्राऊ ड्योर्फ्लर बोट वर करून म्हणाल्या, "थंडी सुरू झाली की याला जिन्यात न्यायचं. मधल्या टप्प्यावर, खिडकीखाली. तिथे गार असतं, उजेड असतो, तेच त्याला हवं. आणि पाणी जवळपास नाहीच. तीन आठवड्यांतून एकदा, तेही थोडंसं. कळलं?"

"या, या," म्हणजे हो, हो, असं कुंदा म्हणाली. आणि कळलं होतंही. शब्दन् शब्द कळला होता. पटला मात्र नव्हता.

नोव्हेंबरात प्रतापने आणि कुंदाने मिळून ती जड कुंडी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा जिन्यातून जाताना थांबली. जिन्यात हीटर नव्हता. खिडकीच्या फटीतून वारा येत होता. वर घर उबदार, देवापुढे समई, आणि हे नवसाचं झाड इथे एकटं, उपाशी, तहानलेलं, कुडकुडत उभं. तुळस तर त्या वर्षी दिवाळीतच गेली होती. घरात नेम होता आणि नेमाला झाड नव्हतं. जिन्यात झाड होतं आणि त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

संध्याकाळी प्रताप घरी आला तेव्हा लोरबेअर दिवाणखान्यात हीटरशेजारी विराजमान झालं होतं. कुंडीला हळदीकुंकू लागलं होतं. खाली पाणी सांडू नये म्हणून रुंद ताटली होती. भोवती प्रदक्षिणेपुरती जागा व्हावी म्हणून सोफा भिंतीला टेकला होता.

"हे वर कसं आणलंस एकटीने?"

"इराने मदत केली."

इरा तेरा वर्षांची. आईचं सगळं मराठी तिला कळायचं, उत्तरं मात्र बहुधा जर्मनमधून यायची. "मामाने मला पिझ्झा कबूल केलाय," असं तिने जर्मनमधे जाहीर केलं, मामा म्हणजे तिथल्या रीतीने आई, आणि ती खोलीत गेली.

"कुंदा, पण बाईंनी जिन्यात ठेवायला सांगितलं होतं ना? पाणीही नको म्हणाल्या होत्या."

"त्या म्हातारपणी रोज जिना चढून पाणी घालू शकत नसतील, म्हणून म्हणाल्या असतील. मी आहे ना."

"तू ऐकत कोणाचं नाहीस. नुसती हळू बोलतेस, एवढंच."

"चहा ठेवू?"

झालं. रोज सकाळी तांब्याभर पाणी, तीन प्रदक्षिणा, मग चहा. कितीतरी हिवाळ्यांनी कुंदाला हिरव्या झाडाला पाणी घालायला मिळत होतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर तिने त्याला लाल काठाचं वस्त्रही नेसवलं. डिसेंबरात फांद्यांवर ओळीने बारीक तपकिरी कळ्या दिसू लागल्या तेव्हा तिचा आनंद पोटात मावेना. बाहेर बर्फ पडतोय आणि आत झाडाला कळ्या! तिने त्या कळ्यांना एकेक करून कुंकू लावलं.

मग पानं पिवळी पडू लागली. रोज चार, मग रोज दहा. कुंदाला वाटलं, पाणी कमी पडतंय. तिने संध्याकाळीही पाणी सुरू केलं.

फ्राऊ ड्योर्फ्लर दर रविवारी दुपारी दोन वाजता बॉनहून फोन करत. ऑपरेशन छान झालं होतं, त्या आता कुबड्यांवर चालत होत्या. खोटं बोलायचं नाही हा कुंदाचा दुसरा नेम. त्यामुळे जानेवारी लागल्यापासून रविवारी दोन वाजले की तिला घासायची भांडी आठवू लागली.

"आलेस गुट, आलेस गुट," प्रताप फोनवर सांगायचा, म्हणजे सगळं छान चाललंय. फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. "मी किती दिवस हे सांगायचं?"

"मी कुठे सांगा म्हटलं?"

"नका सांगू असंही नाही म्हटलंस."

एका शनिवारी इरा शाळेच्या कसल्याशा प्रकल्पासाठी भिंग घेऊन बसली होती. ती झाडाशेजारून गेली आणि तिचा मोजा जमिनीला चिकटला. तिने पाय उचलला, मोजा तिथेच राहिला.

"ईगिट! मामा, इथे सगळं चिकट झालंय!"

तिने भिंग घेऊन आधी जमीन पाहिली, मग पान, मग फांदी. तिथे ती बराच वेळ थांबली.

"मामा, या कळ्या नाहीत." या वेळी ती चक्क मराठीत बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "हे किडे आहेत. जिवंत. पाठीवर ढाल आहे. आणि तू त्यांना कुंकू लावलंयस."

प्रतापने कुंडीखालची ताटली उचलली. ती काठोकाठ भरलेली होती. वासही येत होता, साचलेल्या डबक्यासारखा.

प्रताप बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याला सगळं बेअरिंगमधूनच कळायचं. "हे बघ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बेअरिंगला ग्रीस लागतं. पण प्रेमाने जास्त कोंबलं तर ते तापतं आणि जातं. आमच्याकडे नवी पोरं हीच चूक करतात."

"तुम्ही आत्ता बेअरिंग नका सांगू हो मला," कुंदा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "त्या बाईंचा नवस आहे. छत्तीस वर्षांत चुकला नाही. आणि माझ्या नेमापायी चुकणार."

दुसऱ्या दिवशी रविवार. दोन वाजता फोन वाजला. प्रताप उठायला लागला तर कुंदा आधीच उठली होती.

"फ्राऊ कुंदा! तुमचा आवाज किती दिवसांनी! माझं लोरबेअर कसं आहे?"

कुंदाने डोळे मिटले आणि मोडक्यातोडक्या जर्मनमधे सगळं सांगून टाकलं. दिवाणखाना सांगितला, हीटर सांगितला, रोजचा तांब्या सांगितला, संध्याकाळचा दुसरा तांब्या सांगितला, किडे सांगितले. कुंकवाचं जरा अडखळत सांगितलं, पण सांगितलं.

कुंदाला वाटलं, बाई आता फोन ठेवणार.

"फ्राऊ कुंदा," पलीकडून आवाज आला, "तुम्ही माझ्या झाडाला दोन महिने साउनात बसवलंत."

"या," कुंदा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"का पण? मी इतकं सांगितलं होतं."

"मला वाटलं, देवाचं झाड आहे. आमच्याकडे देवाच्या झाडाला रोज पाणी घालतात. घातल्याशिवाय मी चहा पीत नाही."

पलीकडून एक मोठा सुस्कारा. "कागद घ्या. लिहा. आजच्या आज खाली जिन्यात. ताटली फेकून द्या. माती वरून बोटभर कोरडी होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आणि किड्यांसाठी, पाण्यात थोडा मऊ साबण, चमचाभर स्पिरिट. फडकं बुडवायचं, पिळायचं आणि पान पुसायचं. प्रत्येक पान. दोन्ही बाजूंनी. फांद्यासुद्धा. एकदा करून भागणार नाही, रोज करावं लागेल. मला जमलं असतं तर मी केलं असतं."

"वाचेल?"

"ते मी बॉनमधून काय सांगू?" बाई म्हणाल्या. "पाम रविवारपर्यंत अकरा आठवडे आहेत."

लोरबेअर जिन्यात उतरलं. खरी अडचण सोमवारी सकाळी आली. कुंदा अंघोळ करून तांब्या भरून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली.

"आता कसं?" प्रताप कामावर निघता निघता म्हणाला. "पाणी तीन आठवड्यांनी. म्हणजे तुझा चहाही तीन आठवड्यांनी?"

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही गं, मी तुझ्याच नियमाने हिशेब करतोय."

त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत कुंदाने चहा घेतला नाही. डोकं ठणकू लागलं. ती देवघरापुढे येऊन बसली आणि नेहमीच्या हळू आवाजात देवाशी बोलू लागली. "पाणी घालीन असं मी म्हटलं होतं खरं. पण पाणी घालायचं ते कशाकरता? झाडाची सेवा व्हावी म्हणूनच ना? आता याला पाण्याने सेवा घडत नाही. तर मी पाणी थांबवते आणि पुसणं धरते. ओलं फडकं आहे, म्हणजे पाणी अगदीच नाही असंही नाही. तुम्हाला रोज अंघोळ घालते, पुसते, तसंच. चालेल ना?"

देव काही बोलला नाही. पण इतक्या वर्षांत तो कधीच बोलला नव्हता, म्हणून कुंदाने होकार धरला. फक्त आपल्या बाजूने एक कलम वाढवलं: रोजचं पुसणं पुरं झाल्याशिवाय चहा नाही.

जिन्यात सकाळी अवघे तीन-चार अंश असायचे. कुंदा कोट घालायची, कानटोपी घालायची, बोटं उघडी राहतील असे हातमोजे घालायची आणि पाटावर बसायची. एका हाताच्या तळव्यावर पान घ्यायचं, दुसऱ्या हाताने वरून पुसायचं, उलटून खालून पुसायचं. शिरेलगत किडे घट्ट बसलेले असत. ते नखाने अलगद उचलावे लागत. जीव मारायचा तिला धीर होत नसे, म्हणून ती प्रत्येक किड्याची माफी मागायची. मग पानापानाला देवाचं एक नाव घ्यायची. केशव, नारायण, माधव. पूजेत एकेका नावाला एकेक पान वाहतात; इथे वाहायचं नव्हतं, जागच्या जागी राखायचं होतं. पहिल्या दिवशी दोन तास लागले. चहा प्यायला तेव्हा कप हातात धरता येईना, इतकी बोटं गारठली होती.

आता फोन रविवारी नाही, रोज सकाळी येऊ लागला. कुंदा फोन कानाशी खांद्याने दाबून पानं पुसायची.

"आज किती वेळ?"

"दीड तास. तुम्ही?"

"मी दोन वेळा जिना चढले. रडत रडत. पण चढले. आज पानं किती गळली?"

"सहा."

"काल नऊ होती. गेनाऊ, अगदी बरोबर, असंच चालू दे."

फेब्रुवारीच्या मध्याला मोठी थंडी आली. रात्री उणे सोळा. जिन्यातल्या खिडकीवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी उमटली आणि तिथला पारा शून्याच्याही खाली गेला.

"पानांना चालेल," फ्राऊ ड्योर्फ्लर फोनवर म्हणाल्या, "मुळांना नाही. कुंडी गुंडाळा. काहीही गुंडाळा."

प्रतापने कंपनीतून फुग्यांचं प्लॅस्टिक आणलं, कुंडीखाली थर्माकोलची जाड पाटी सरकवली. तरी कुंदाचं समाधान होईना. शेवटी तिने इराचं लहान झालेलं जांभळं स्की जाकीट कुंडीला घातलं आणि पुढून चेन लावली. बाह्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या.

"मामा, ते आता आमच्या खेळाच्या टीचरसारखं दिसतं," इरा म्हणाली आणि चेन गळ्यापर्यंत ओढून गेली.

पण थंडी सरली तरी पानं गळायची थांबेनात. झाडाची भिंतीकडची अख्खी बाजू उघडी पडली. नुसत्या करड्या काड्या. कुंदाला आपली तुळस आठवली. तिने त्या दिवशी फोनवर पानांचा आकडाच सांगितला नाही.

"नखाने खरवडा," फ्राऊ ड्योर्फ्लर म्हणाल्या. "फांदीची साल, अगदी थोडी. खाली हिरवं असेल तर जीव आहे. तपकिरी असेल तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

कुंदाने नख टेकवलं आणि मागे घेतलं. आधीच एवढं सोसलेल्या झाडाला आणखी ओरखडा काढायचा? दोनदा टेकवलं, दोनदा मागे घेतलं. तेवढ्यात शाळेचं दप्तर पाठीला लावून इरा जिना उतरत होती. तिने काय चाललंय ते पाहिलं, वाकली, फांदीवर नख मारलं आणि उठली.

"ग्र्यून," ती म्हणाली. "हिरवं आहे, मामा. चहा पी आता." आणि धडाधड जिना उतरून गेली.

फोनवर फ्राऊ ड्योर्फ्लरनी जोरात नाक शिंकरलं.

मार्चअखेरीला किडे संपले होते. पानगळ थांबली होती. उजवी बाजू गर्द, डावी बाजू बोडकी, अशा अवस्थेत लोरबेअर जाकीट घालून मालकिणीची वाट बघत होतं.

चार एप्रिलला, शनिवारी, मोनिकाच्या गाडीतून फ्राऊ ड्योर्फ्लर आल्या. दुपारी येणार होत्या, वाटेत गर्दी लागली आणि संध्याकाळचे साडेसहा वाजले. कुंदा दुपारपासून खिडकीशी उभी होती. सूर्याकडे एकदा, रस्त्याकडे एकदा.

कुबड्या टेकत बाई जिन्याचा टप्पा चढून आल्या आणि थांबल्या. जाकिटाकडे पाहिलं. बोडक्या बाजूकडे पाहिलं. मग एक पान बोटांत धरून उलटं केलं, अंगठा फिरवला.

"इतकं स्वच्छ तर मीही कधी ठेवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "चला, उद्या सकाळी कापू. ताजं ताजं."

"नाही!" कुंदा म्हणाली. ती इतक्या मोठ्याने बोलू शकते हे प्रतापलाही ठाऊक नव्हतं. "उद्या नको. आजच. सूर्य मावळायच्या आत."

"का?"

"उद्या रविवार. त्यात एकादशी. आमच्याकडे देवाच्या झाडाचं पान रविवारी तोडत नाहीत, एकादशीला तर नाहीच. आणि दिवस मावळल्यावरही नाही."

"मामा," मोनिका आईच्या कानाशी लागली, "लोरबेअरच्या बाबतीत असं कुठे..."

"गप्प बस," फ्राऊ ड्योर्फ्लर म्हणाल्या. "गुड फ्रायडेला मी कपडे वाळत घालत नाही, तेव्हा मला कोणी कारण विचारतं का? प्रताप, कात्री. खालच्या कपाटात, डावीकडे."

पण कात्री आल्यावर खरा प्रश्न समोर आला. दरवर्षी टोपलीभर फांद्या निघायच्या. या वर्षी चांगल्या फांद्या होत्या मोजून आठ, सगळ्या एकाच बाजूला. त्या कापल्या तर झाडाला पानच उरणार नव्हतं, आणि एवढ्यातून वाचलेलं झाड त्या घावाने बसलं असतं.

"फुलवाल्याकडून एक जुडी आणू या ना," मोनिका म्हणाली. "तिथेही लोरबेअर मिळतं."

"मी फुलवाल्याचं लोरबेअर देईन असं म्हटलं नव्हतं."

फ्राऊ ड्योर्फ्लर पायरीवर टेकल्या. कुंदा शेजारी पाटावर बसली. दोघी झाडाकडे बघत राहिल्या. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर वर सरकत होतं.

"तुम्ही नेमकं काय म्हटलं होतं?" कुंदाने हळूच विचारलं. "तेव्हा. चर्चमधे."

बाई आठवत राहिल्या. "'माझ्या लोरबेअरच्या फांद्या.' इतकंच."

"टोपलीभर म्हटलं होतं?"

"नाही."

"किती ते म्हटलंच नव्हतं?"

"नाही." फ्राऊ ड्योर्फ्लरच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी चमकू लागलं. "फांद्या म्हटलं होतं. म्हणजे एकीहून जास्त."

"दोन," कुंदा म्हणाली.

"दोन." बाईंनी मान डोलावली, मग जरा विचार केला. "तीन कापा. देवाशी इतकं काटेकोर वागू नये."

नव्या खुब्याने त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून कुंदालाच कापावं लागलं. ती झाडापुढे हात जोडून मिनिटभर उभी राहिली. कुठून कापायचं ते बाई कुबडीने दाखवत होत्या. तिसरी फांदी हातात आली तेव्हा खिडकीत ऊन नव्हतं, पण आकाश अजून उजळ होतं. कुंदाने मोठा श्वास सोडला.

मग सगळ्यांनी फ्राऊ ड्योर्फ्लरच्या स्वयंपाकघरात बसून त्या तीन फांद्यांची पानं देठासकट सुटी केली. सत्तर निघाली. बाकीच्या हिरव्या पाल्याचे गुच्छ लोक घरूनच बांधून आणतात. त्यात फक्त खोचायला लोरबेअर हवं असतं. तर माणशी एक पान.

रविवारी सकाळी चर्चच्या फाटकाशी फ्राऊ ड्योर्फ्लर कुबड्यांवर उभ्या राहिल्या. हातात काही धरणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून टोपली कुंदाच्या हातात होती. पोटात एकादशी, अंगावर कोट, कोटाखाली इरकली साडी. लोक येत होते, बाईंच्या खुब्याची चौकशी करत होते, टोपलीत डोकावत होते. कुंदा प्रत्येकाच्या गुच्छात एक पान खोचत होती.

एक लालबुंद नाकाचे आजोबा थांबले. त्यांनी आपल्या गुच्छातलं ते एकुलतं पान चष्मा वर करून पाहिलं.

"फ्राऊ ड्योर्फ्लर, दरवर्षी फांदी मिळायची. या वर्षी एकच पान?"

"या," फ्राऊ ड्योर्फ्लर म्हणाल्या. "पण एकेक पान हाताने पुसलेलं आहे. दोन्ही बाजूंनी. अकरा आठवडे. तुमची खिडकी तरी तुम्ही इतकी पुसता का?"

आजोबांनी पान उलटून पाहिलं, मग कुंदाकडे पाहिलं, आणि टोपी काढून जरा वाकले. मागची बाई पुढे सरकली. कुंदाने टोपलीतून पुढचं पान उचललं.